साठीचं कौतुक मित्रानं का करू नये?

एका अभ्यासू समीक्षकांचा लेख सध्या आमच्या मंडळींत हातोहात फिरतो आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन अशा निमित्तांनी होणारे समारंभ आणि निघणाऱ्या गौरविका ही मराठी सार्वजनिक जीवनाला लागलेली कीड आहे. त्यातही सर्वांत टाकाऊ ऐवज म्हणजे जुन्या मित्रानं किंवा सहकाऱ्यानं लिहिलेला लेख. तो पक्षपाती असतो. आज यानं त्याला ओवाळायचं आणि उद्या त्यानं याला, असा तो व्यवहार असतो. खरं मूल्यमापन करायचं तर माणूस गेल्यावर, काळाच्या अंतरावरून, तटस्थ अभ्यासकानं करावं. उंटाच्या लग्नात गाणाऱ्या गाढवाची गोष्टही त्यांनी सांगितली आहे. या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण ती सांगतोच. माझ्या एका सहकाऱ्याच्या पंचाहत्तरीला मी नुकताच असा एक लेख लिहिला असल्यानं या खेपेला गाढवाची भूमिका माझ्याकडे आली आहे. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

समारंभांबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे ते मला मान्य आहे. किंबहुना ते फारच सौम्य लिहिलं आहे. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर सत्कारमूर्तीपेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे मोठे. पत्रिकेवर ‘ठीक सहा वाजता’ छापलेलं, आणि मंत्रिमहोदय साडेसातला उगवणार. तोवर निवेदक चारोळ्यांवर किल्ला लढवतो. मग प्रत्येक संस्थेची वेगळी शाल, वेगळा नारळ, वेगळा फोटो. भर उन्हाळ्यात पाच शाली अंगावर घेऊन घामानं निथळणारे वृद्ध गृहस्थ मी पाहिले आहेत. शेवटी, ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं त्याला वेळेअभावी ‘दोनच शब्द’ बोलायची विनंती होते. गौरविका उघडावी तर पहिली पानं लेटरहेडसकट छापलेल्या शुभसंदेशांची, शेवटची सराफ, बिल्डर आणि पतसंस्थांच्या जाहिरातींची. हे सगळं उद्या बंद झालं तर माझं काही बिघडणार नाही.

पण त्या संदेशांच्या आणि जाहिरातींच्या मध्ये काही पानं असतात, आणि आमचे समीक्षक नेमकी तीच आधी फाडायला निघाले आहेत. मंत्र्याचा संदेश परंपरेचा भाग म्हणून त्यांना एक वेळ चालेल. पण तीस-पस्तीस वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची साक्ष मात्र त्यांना नको आहे. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

माझा लेख ज्यांच्यावर होता ते माझे रात्रशाळेतले सहकारी. शाळा गिरणगावात होती. इमारत दिवसा महापालिकेच्या लहान मुलांची आणि दिवेलागणीनंतर आमची. बाकं त्या मुलांच्या मापाची. त्यांत साच्यावर उभं राहून आलेल्या बदली कामगारांचे गुडघे मावत नसत, म्हणून बरेच जण बाकाच्या कडेला तिरके बसत. सर त्यांना बीजगणित शिकवत आणि मी मराठी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने आमचे वर्ग उलट भरून वाहिले, कारण पाळी नव्हती आणि वेळच वेळ होता. मग खोलीचं भाडं थकायला लागलं तशी पोरं हळूहळू गळायला लागली. कुणी कोकणात गावी गेला, कुणी घाटावर, कुणी रात्री वॉचमनची नोकरी धरली. दहावीच्या परीक्षेला बसायचं तर हजेरी भरलेली हवी. सरांनी गावी गेलेल्या पोरांच्या नावापुढे हजेरी मांडायला सुरुवात केली.

मी त्याला विरोध केला. शिक्षकखोलीत आमचं चांगलंच वाजलं. हजेरीपट हा दस्तऐवज आहे, आपणच तो खोटा लिहिला तर या पोरांना शिकवायचं काय, असं माझं म्हणणं. “परत आली तर शिकवू ना,” असं त्यांचं. काही परत आली, परीक्षेला बसली, पास झाली. काही आलीच नाहीत. आमच्या दोघांत बरोबर कोण होतं याचा निकाल मी लेखात लावला नाही. घडलं तसं लिहिलं, माझ्या विरोधासकट आणि त्यांच्या उत्तरासकट.

गौरव समितीतल्या एका सदस्यांना तो परिच्छेद खटकला. “वाढदिवसाला हे कशाला?” असं ते म्हणाले. सत्कारमूर्तींनी मात्र तो ठेवायला लावला. एवढंच नव्हे, समारंभात बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी त्यात भर घातली. ते पट मुख्याध्यापकांना माहीत होते. ते दर शनिवारी सही करायच्या आधी चष्मा काढून ठेवत, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर ‘मला नीट दिसलं नाही’ असं खरेपणानं सांगता यावं. हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. सभागृहात बसलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापक जाऊन बराच काळ लोटला आहे. सरही त्याविषयी आपण होऊन कधी बोलले नसते. माझ्या लेखातल्या त्या परिच्छेदानं त्यांना बोलतं केलं.

आता समीक्षकांच्या तटस्थ अभ्यासकाकडे या. काळाचं अंतर राखून, कुणाचाही मित्र नसलेला असा तो एक दिवस येईल. शाळेच्या कपाटातून हजेरीपट काढील, हजेरीचे आकडे मांडील आणि निष्कर्ष काढील की गिरणी संपाच्या काळातही रात्रशाळांतली उपस्थिती उत्तम होती. त्याला तळटीपही देईल. पुरावा लेखी आणि समकालीन, वर मुख्याध्यापकांची सही असलेला. त्या पुराव्यात काय दडलं आहे हे सांगू शकणारे शाळेत दोनच शिक्षक होते, आणि दोघंही एकमेकांचे मित्र असल्यानं साक्षीला अपात्र ठरले!

कागद असेच असतात. कोणत्याही संस्थेचं इतिवृत्त उघडा. ठराव ‘एकमताने मंजूर’ झालेला असतो. त्या दिवशी कोण चप्पल घालून तरातरा निघून गेलं, कुणी त्याला जिन्यावरून परत आणलं, आणि ठरावातलं कोणतं वाक्य कुणाच्या समाधानासाठी बदललं, हे इतिवृत्तात नसतं. ते सहकाऱ्याला माहीत असतं. त्याच्या साक्षीत पक्षपात असेल, असणारच. पण पक्षपाती साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. साक्षीदारच हजर नसेल तर न्यायाधीश कितीही निःपक्षपाती असून काय उपयोग?

‘माणूस गेल्यावर लिहा’ हा सल्ला ऐकायला भारदस्त वाटतो. तो पाळला तर काय होतं ते पाहायला पुण्यातला जुलै १९१६ पुरेसा आहे. २३ जुलैला टिळकांना साठ वर्षं पूर्ण झाली. मंडालेहून सुटून दोन वर्षं झाली होती, ‘गीतारहस्य’ आदल्या वर्षी प्रसिद्ध झालं होतं, होमरूल लीग एप्रिलमध्येच स्थापन झाली होती. चाहत्यांनी एक लाख रुपयांची थैली दिली आणि टिळकांनी ती देशकार्याला लावली. सरकारनंही आपल्या परीनं वाढदिवस साजरा केला. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून त्यांना त्याच सुमारास नोटीस बजावली: वर्षभर नीट वागण्याच्या हमीदाखल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. जिनांनी हायकोर्टात बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला. वाढदिवसाची भेट म्हणून थैलीपेक्षा ही नोटीसच टिळकांना जास्त शोभली, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

याच महिन्यात आणखी एका माणसाची साठी यायची होती. गोपाळ गणेश आगरकर १४ जुलै १८५६ चे, म्हणजे टिळकांहून नऊ दिवसांनी मोठे. दोघं डेक्कन कॉलेजात बरोबर होते आणि देशसेवेचे बेत त्यांनी तिथेच रचले. पुढे न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’ आणि ‘मराठा’, कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवस, मग डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज. त्यानंतर बिनसलं. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि दोघांनी एकमेकांवर लेखणी परजली. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. आगरकर १८९५ च्या जूनमध्ये गेले, चाळिशीही न गाठता. पुण्यानं त्यांच्या हयातीत त्यांच्यासाठी एकच मिरवणूक काढली होती, ती त्यांच्या जिवंतपणीच काढलेली प्रेतयात्रा.

टिळकांच्या साठीला त्यांच्याविषयी खरोखर कुणी लिहायला हवं होतं? माझ्या मते आगरकरांनी. कौतुकाला हात आखडता न घेता आणि हिशेबात एक पैही न सोडता तो लेख फक्त तेच लिहू शकले असते. पंचविशीतले टिळक कसे बोलत, कुठे अडत, कशावर हट्टाला पेटत, तुरुंगात रात्री काय वाद घालत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शिवाय टिळक समोर असते. लेख वाचून त्यांनी पुढच्या मंगळवारी ‘केसरी’त उत्तर दिलं असतं, आणि महाराष्ट्राच्या विचारांच्या इतिहासातला सर्वांत मोठा वाद दोघांच्या साठीच्या शहाणपणानं पुन्हा एकदा मांडला गेला असता. असं काही घडण्याआधीच काळानं एक पक्ष उचलून नेला होता. इतरांचंही तेच. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्येच गेले, वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये, नामजोशी १८९६ मध्ये. सोसायटीत मागाहून आलेले गोखले १९१५ मध्ये. शाळा काढतानाचे टिळक ज्यांनी जवळून पाहिले होते त्यांच्यापैकी ही सारी माणसं साठीच्या आधीच संपली होती. थैली द्यायला अख्खा महाराष्ट्र होता, पण ‘बळवंतराव, तेव्हा तुम्ही असं म्हणाला होता’ असं तोंडावर म्हणायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं.

टिळक गेल्यावर स. वि. बापटांनी त्यांच्या आठवणी आणि आख्यायिका जमवून तीन खंड काढले. न. चिं. केळकरांनी तीन खंडांचं चरित्र लिहिलं. दोन्ही कामं मोठ्या मोलाची आहेत. पण आठवणी सांगणाऱ्यांना माहीत होतं की ज्याच्याबद्दल सांगतो आहोत तो आता ‘छट, असं झालंच नव्हतं’ म्हणायला येणार नाही. मृत्यूनं आठवणी गोड होतात. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. समीक्षकांना गौरविकेतल्या अतिशयोक्तीचा राग येतो ना? मग त्यांनी एकदा शोकसभेला जाऊन बसावं. तिथे सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत नसतो. अतिशयोक्तीला आळा घालणारा तो एकमेव माणूसच गेलेला असतो.

वाढदिवसाच्या लेखाचं वेगळेपण इथेच आहे. चरित्राचा नायक बहुधा मेलेला असतो आणि आत्मचरित्रात बोलणारा एकटाच असतो. मुलाखतीत विचारणारा परका असतो. जिच्यात दोघंही हजर असतात, एकमेकांना जुने ओळखतात आणि दुसऱ्याला लगेच उत्तर देता येतं, अशी आपल्याकडे ही एकच लेखनजात आहे. तिचा दुरुपयोग होतो म्हणून ती मोडीत काढायची, तर मग आत्मचरित्रं सर्वांच्या आधी मोडीत निघायला हवीत.

मित्र टीका करत नाहीत, हा दुसरा आक्षेप. मित्र करत नसतील तर तो मित्रांचा दोष, प्रसंगाचा नव्हे. आइन्स्टाइनला १९४९ च्या मार्चमध्ये सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त पॉल शिल्प यांनी संपादित केलेला ग्रंथ निघाला. त्यात आइन्स्टाइननं स्वतःचं वैचारिक आत्मवृत्त लिहिलं आणि हा आपला मृत्युलेख आपणच लिहिण्याचा प्रकार आहे अशी सुरुवातीलाच थट्टा केली. त्याच ग्रंथात नील्स बोरचा दीर्घ लेख आहे. विषय काय, तर पुंजयामिकीवरून आपलं आणि सत्कारमूर्तीचं वीस-बावीस वर्षं चाललेलं भांडण. १९२७ आणि १९३० च्या सॉल्व्हे परिषदांत आइन्स्टाइननं कोणते पेच टाकले आणि ते आपण कसे सोडवले, हे बोरनं आकृत्या काढून सांगितलं आहे. १९३० ची हकीकत तर पाहण्यासारखी आहे. प्रकाशकण बाहेर सोडणारी एक पेटी कल्पून आइन्स्टाइननं बोरला रात्रभर जागवलं, आणि सकाळी बोरनं त्याला आइन्स्टाइनचाच सापेक्षतावाद वापरून उत्तर दिलं. सत्तरीच्या वाढदिवसाला ‘तू कुठे कुठे हरलास’ याची साद्यंत यादी! हे वैर नव्हतं. त्या लेखाच्या ओळीओळीत माया आहे. आइन्स्टाइननं त्याच ग्रंथाच्या शेवटी टीकाकारांना उत्तर दिलं आणि आपली जागा सोडली नाही.

कुर्ट गोडेल तर त्याचा रोजचा सोबती. प्रिन्स्टनच्या संस्थेतला सहकारी, वयानं सत्तावीस वर्षांनी लहान, आणि दोघं संस्थेतून घरी चालत जात ते बोलत बोलत. या मित्रानं वाढदिवसाला काय दिलं असेल? आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून त्यानं एक असं विश्व काढून दाखवलं की ज्यात माणूस पुढे पुढे जात आपल्याच भूतकाळात पोचू शकतो. म्हणजे तुमचा सिद्धांत खरा असेल तर काळाची आपली समजूत धोक्यात आहे, असं त्यानं वाढदिवसाच्या ग्रंथात लिहून दिलं. आइन्स्टाइननं उत्तरात मान्य केलं की हा प्रश्न आपल्याला सिद्धांत मांडतानाच अस्वस्थ करत होता. यात ओवाळणं कुठे आहे? आणि हे लिहायला ‘तटस्थ अभ्यासक’ का पुढे आला नाही? कारण ज्याच्याशी रोज चालत बोलतो त्याची दुखरी जागा कुठे आहे हे सोबत्याला कळतं, परक्याला नाही.

असलं काही आपल्याकडे होत नाही, असं समीक्षक म्हणतील. होतं, फक्त ते चौकात फ्लेक्सवर लागत नाही. ७ मे १९४१ ला पांडुरंग वामन काणे एकसष्ट वर्षांचे झाले, तेव्हा सु. मं. कत्रे आणि प. कृ. गोडे यांनी पुण्यात त्यांच्या नावानं एक ग्रंथ संपादित केला. तो उघडून पाहावा. स्तुतीची पानं थोडी आणि बाकी संशोधन. प्रत्येकानं आपापल्या अभ्यासातला एक तुकडा आणून त्यांच्यापुढे ठेवला आहे. भारतविद्येच्या क्षेत्रात गौरवग्रंथाचा हा शिरस्ताच आहे आणि तो पुण्यामुंबईच्या पंडितांनी नीट पाळला. काणे मुंबई हायकोर्टात वकिली करता करता धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते. पहिला खंड १९३० मध्ये निघाला होता आणि शेवटच्या पाचव्या खंडाचा उत्तरार्ध १९६२ मध्ये निघाला. म्हणजे मित्रांनी गौरव केला तेव्हा बहुतेक डोंगर चढायचा बाकी होता. सत्कार म्हणजे माणसाला सन्मानानं अडगळीत टाकणं, असं आमच्या समीक्षकांनी लिहिलं आहे. काण्यांना हे कुणी कळवलं नसावं, कारण ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत ते लिहीत राहिले आणि ‘भारतरत्न’ त्यानंतर १९६३ मध्ये आला.

त्याआधीचं उदाहरण तर आपण रोज रस्त्यावरून जाताना पाहतो आणि तो वाढदिवस होता हे विसरून जातो. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ६ जुलै १९१७ ला ऐंशी वर्षांचे झाले. शिष्य आणि चाहते यांनी त्या दिवशी त्यांना लेखांचा ग्रंथ दिला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच दिवशी त्यांच्या नावाची संस्था उघडली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. डेक्कन कॉलेजातली सरकारी हस्तलिखितं पुढच्या वर्षी तिथे आली. त्याच वर्षी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी लाख रुपये देऊ केले. १ एप्रिल १९१९ ला ब्याऐंशीत चाललेल्या भांडारकरांनी मंगलश्लोकाची ओळ लिहून पाठ जुळवण्याच्या कामाचा आरंभ केला. पुढे वि. सी. सुकथनकर, बेलवलकर, प. ल. वैद्य असे एकामागून एक प्रमुख संपादक आले. बाराशेहून अधिक हस्तलिखितं पाहिली गेली आणि १९६६ मध्ये आवृत्ती पूर्ण झाली. भांडारकर १९२५ मध्येच गेले होते. वाढदिवस कसा करावा, असं मला कुणी विचारलं तर मी त्याला पुण्यात भांडारकर रस्ता कुठे आहे ते सांगतो.

आपल्या परंपरेलाही स्तुतीचं वेड नव्हतं. साठ संवत्सरांचं चक्र पुरं होऊन जन्माचं संवत्सर पुन्हा येतं म्हणून षष्ट्यब्दीपूर्ती. तिचा मूळ विधी म्हणजे शांत. साठीला उग्ररथ, सत्तरीला भीमरथी. नावंच पाहा, त्यांत कौतुकापेक्षा धास्ती जास्त आहे. या वयात माणसाला जपायला हवं, एवढीच त्यामागची समजूत. शाल आणि मंत्री ही मागाहूनची भर.

राहिला ‘आज मी, उद्या तू’ हा आरोप. यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. एकमेकांच्या गौरव समित्यांवर आलटून पालटून बसणारी माणसं मला माहीत आहेत, समीक्षकांनाही माहीत असतील. पण त्यांचे लेख वाचले की लगेच ओळखू येतात. त्यांत ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ असतं, ‘अजातशत्रू’ असतं, आणि एकही तारीख, एकही भांडण, एकही खोली नसते. सहकारी लिहितो तेव्हा खोली येते. कुठल्या टेबलावर काय घडलं ते येतं. ज्या लेखात ‘अजातशत्रू’ हा शब्द आहे तो न वाचता फाडावा, याला माझी पूर्ण संमती आहे. शत्रूच न झालेल्या माणसानं साठ वर्षं नेमकं केलं तरी काय, हा प्रश्न मलाही पडतो. पण खऱ्याखोट्याची पारख करायची तर लेख आधी लिहिला गेला पाहिजे. समीक्षक तो लिहूच नका म्हणतात.

यात एक गैरसोय आहे आणि ती मान्य करायला हवी. आगरकरांसारखं लिहायचं तर समितीला ते सोसवलं पाहिजे. आमच्या समितीनं परिच्छेद काढायला सांगितला होता, आणि सत्कारमूर्ती स्वतः खमके नसते तर तो निघालाही असता. तेव्हा समीक्षकांनी आपला राग त्या समित्यांकडे वळवावा. छापण्यापूर्वी लेखातली भांडणं गाळू नयेत, सत्कारमूर्तीला शेवटी नव्हे तर सर्वांत आधी बोलू द्यावं, आणि ज्या सहकाऱ्याशी त्याचं सर्वांत जास्त वाजलं त्याला आग्रहानं बोलवावं, एवढ्या मागण्या त्यांनी लावून धरल्या तर पहिली सही माझी. मंत्र्यांना पत्रिका पाठवायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं.

समीक्षकांची स्वतःची साठी पुढच्या वर्षी आहे असं कळतं. समारंभ होणार नाही हे त्यांनी जाहीर करून टाकलं आहे, ते उत्तमच. पण ज्या मासिकात त्यांची सगळी उमेद गेली, त्याच्या कचेरीत एक बाई होत्या. यांचा प्रत्येक लेख त्यांनी छापण्याआधी वाचला, आणि त्यांतल्या काही लेखांची मूळ रूपं अजून त्यांच्या कपाटात आहेत. माझ्या माहितीप्रमाणे मासिकाच्या पुढच्या जानेवारीच्या अंकात चार पानं मोकळी आहेत. ती मी त्यांच्यासाठी मागून ठेवली आहेत. समीक्षकांना उत्तर द्यावंसं वाटलं तर फेब्रुवारीच्या अंकात त्यांनाही चार पानं मिळतील.